पान झाडून या

मिटा बरं डोळे, बाळांनो. आता मनात एक सावली आणा. गार, हिरवी, ओल्या मातीच्या वासाची. बाहेर चैत्राचं ऊन कातळावर रणरणतं आहे. आत मात्र, फांद्यांनी एकमेकांचे हात धरून उभ्या राहिलेल्या वृक्षांच्या तळाशी, तेच ऊन चाळणीतून पीठ पडावं तसं सोनेरी, अलगद सांडतं आहे. दिसली सावली? ती वाघजाईची देवराई.

तिथे कुऱ्हाड जात नसे, कोयता जात नसे. तिथलं फूल वेणीत येत नसे, तिथली काटकी चुलीत येत नसे. वेशीवर एक आडवा दगड होता, पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला. बाहेर पडताना त्या दगडावर उभं राहायचं, तोंड आत करायचं आणि पदर, धोतर, केस झाडायचे. अंगाला चिकटून देवीचं एक वाळकं पानसुद्धा बाहेर जाता कामा नये. देवीचा म्हातारा पुजारी धाकू गुरव येईल त्याला तेवढंच सांगे, "पान झाडून या."

त्याची नात शेवंती. समोरचे दोन दात पडलेले, त्यामुळे हसली की ओठांत खिडकी उघडायची. आजाबरोबर ती रोज पहाटे पूजेला यायची. पण तिचा जीव देवीपेक्षा झऱ्याकाठच्या बेहड्यात अडकलेला असे.

त्या बेहड्याच्या ढोलीत एक धनेशीण स्वतःला कोंडून बसली होती. दार तिनंच लिंपून घेतलेलं, चोच निघेल एवढी फट ठेवून. आत काळोख, आत ऊब, आत मांसाचा इवलासा गोळा, तिचं पिल्लू. आणि बाहेर तो. पीतचंचू, कृष्णपंख, पंखांत वाऱ्याचा घोष भरून येणारा धनेश. तो उंबर आणी, वडाचं लालबुंद फळ आणी, आणि फटीतून एकेक भरवी. त्यानं आणलं तरच त्या दोघांनी खायचं. त्यानं जे आणलं, तेच खायचं.

मग माणसं आली.

कुणीतरी झऱ्याचं चित्र मोबाइलवरून जगाला दाखवलं, आणि वेशीवर गाड्यांची रांग लागली. दगडावरून बूट आले, भोंगे आले, शेगड्या आल्या. स्फटिकनिर्मळ पाण्यावर रश्श्याचा तांबडा तवंग पसरला. नेच्याच्या कोवळ्या पिसाऱ्यावर चोखलेली हाडकं पडली, मुळांच्या कुशीत तान्ह्यांचे घाणीनं फुगलेले डायपर खुपसले गेले, आणि त्यांवर निळ्या माश्या घोंघावू लागल्या. देवीच्या शेंदरी शिळेमागे कुणी पिचकारी मारली. शेंदूर कुठे संपतो आणि थुंकी कुठे सुरू होते ते कळेना. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेला एक जण धाकूला म्हणाला, "बाबा, तुमचा देव जरा बाजूला घेता का? फ्रेममध्ये येतोय." त्याची होणारी बायको हसली. धाकू हसला नाही.

माणसं परतली, घाण राहिली. जाताना कुणी काही झाडलं नाही. झाडण्यासारखं सगळं आधीच आत टाकलेलं होतं.

आणि ती घाण बाहेर कुणी काढीना. गावाला रीत ठाऊक होती, आत आलं ते देवीचं झालं. कुणाच्या तरी पणज्यानं नांगरासाठी सुकी फांदी नेली आणि भर पेरणीत त्याचा बैल बसला तो उठलाच नाही, ही गोष्ट घराघरात होती. म्हणून धाकू रोज सकाळी सगळं झाडून एकत्र करी आणि बेहड्याच्या बुंध्याशी ढीग लावी. आतच. ढीग वाढला, कुजला, पाझरला. जंगलाला जे अभय होतं, तेच आता कचऱ्याला मिळालं.

एका सकाळी पंखांचा घोष घुमला. शेवंतीनं मान वर केली. धनेशाच्या चोचीत लालबुंद, गोल, लकाकतं काही होतं. उंबर नव्हतं ते. बाटलीचं झाकण होतं.

त्यानं ते प्रेमानं फटीत धरलं. आतली चोच पुढे आली, चाचपली, आणि झाकण टपकन खाली पडलं. धाकूनं ते उचललं. देवराईत खाली पडलेलं उचलावं तसं, हाताच्या सवयीनं, कपाळाला लावलं. आणि ढिगावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धनेश ढिगावरच उतरला. तेच झाकण. तीच फट. पण या वेळी झाकण आत गेलं.

शेवंती झाडाखाली उभी राहिली. आजाची पूजा संपली, घंटा निवली, उन्हाचा कवडसा शिळेवरून सरकून झऱ्यात उतरला, तरी ती हलली नाही. आतलं पिल्लू आ करत असेल. आईनं दिलेलं लाल काही तर गोडच असणार. तिनं स्वतःचा गळा मुठीत धरला, जणू तिथेच काही अडकलं होतं.

खूप वेळानं फटीतून विष्ठेबरोबर झाकण खाली आलं. ओलं, चोचीनं चावलेलं.

"आजा, हे देवीला कुणी वाहिलं?"

धाकू केरसुणी टेकून थांबला. "आत आलं ते देवीचं, बाय."

"मग ती थुंकी पण?"

 म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला, आणि तो हात धोतराला पुसला. पुन्हा पुसला. पुसतच राहिला.

शेवंतीनं पहाटे डोक्याला गुंडाळलेली ओढणी जमिनीवर पसरली. दोन्ही हात ढिगात घातले. आंबटउग्र वाफ नाकात शिरली, घशाशी उमासा आला. तिनं तोंड फिरवलं, थुंकण्यासाठी जागा शोधली, आणि थुंकली नाही. गिळलं. ओढणी भरली, गाठ मारली, पाठीवर घेतली. मुठीत लाल झाकण. वेशीच्या वाटेवर घाणीचे थेंब तिच्या टाचांवर ओघळले. मागे धाकूचा हात रोखायला उठला, आणि उठलेलाच राहिला.

दगडावर ती थांबली. शिकवलं होतं तसं तोंड आत केलं. गाठोड्यातून बाहेर आलेल्या चिकट पत्रावळीला बेहड्याचं एक वाळकं पान डकलं होतं. ते तिनं नखानं हळूच सोडवलं, फ्रॉकला पुसून स्वच्छ केलं, आणि आत झाडलं.

वर पंखांचा घोष घुमला. पान गिरक्या घेत सावलीत उतरलं.

पान आत पडलं. शेवंती बाहेर पडली.