शेवग्याचा पाला

आनंदीबाईंची जीभ अख्ख्या पाली गावात प्रसिद्ध होती. ती सुरू झाली की अंगणातलं कुत्रंसुद्धा उठून जायचं. पण सून शमिका मुंबईहून हृदयाची झडप बदलून आली आणि त्या जिभेची धारच गेली. मुलगा संदेश बोटीवर नोकरीला, घरात दोघीच. पोरीचा पांढराफटक चेहरा म्हातारीला बघवत नसे.

गोकुळाष्टमीला रीतीप्रमाणे शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली. शमिकेने चवीने खाल्ली. झालं! दुसऱ्या दिवसापासून आनंदीबाई रोज परसातला पाला काढायला लागल्या.

"खा गो, अंगात रगत वाढेल," म्हणत पुढ्यात बसून भाजी संपवून घ्यायच्या. ज्या बाईने सुनेला कधी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं, ती आता स्वतः ताट वाढत होती. शमिका डोळे पुसत जेवायची. रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळीही न चुकता घ्यायची. त्या गोळीने रक्त पुरेसं पातळ राहतंय का, ते बघायची तपासणी मात्र गणपतीच्या गडबडीत राहून गेली.

विसर्जनानंतर एका सकाळी चहा गाळताना तिच्या हातातून भांडं पडलं. उजवं अंग लुळं झालं, वाचा गेली.

"झडपेवर गुठळी धरली, तिचा तुकडा मेंदूत गेला," रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गोळी तर रोज घेत होती!" आनंदीबाई भांडायलाच उठल्या.

"आजी, रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं. एकदा वापरलं की ते निकामी होतं. शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते दुरुस्त करून पुन्हा कामाला लावतं. ही गोळी त्या विकरालाच अडवते. पण पाल्यातून रोज नवं जीवनसत्त्व येत राहिलं, तर दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून काय उपयोग?"

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"मुंबईहून आल्यावर माझ्याकडे आली तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, आजी. पालेभाजी एकदम वाढवू नको म्हणून. हो म्हणाली होती."

आनंदीबाई खाटेशी गेल्या. "तुला म्हायत होतं, मग बोललीस का नाय गो?"

शमिकेचे ओठ नुसतेच हलले. उत्तर आनंदीबाईंना ठाऊक होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात शमिकेला नको म्हणायची सोय कधी होती? आणि सासू पहिल्यांदाच आईसारखी वागायला लागल्यावर तर ती कुठल्या तोंडाने नको म्हणणार होती?

त्या तिथेच खाली बसल्या आणि गळा काढून रडल्या.