बारीक पट्ट्याची हँडबॅग

मी एक हँडबॅग बोलतेय. फोन आला तेव्हा माझ्या मालकिणीचा हात कोपरापर्यंत माझ्यात होता.

रोजचीच सकाळ होती. डब्यातली भाजी गळेल म्हणून तिला प्लास्टिकची पिशवी हवी होती आणि घरातल्या सगळ्या पिशव्या माझ्यातच कोंबलेल्या असायच्या. स्वयंपाकघराच्या दाराआड, केरसुणीशेजारच्या खिळ्याला मी लटकत असे. तिने एका हाताने फोन कानाला लावला. पलीकडून भावोजी बोलत होते. "तुझी ताई गेली गं. शिलाई मशीनवर बसायला म्हणून उठली आणि…"

माझी मालकीण ही ताईची धाकटी बहीण. धाकटीचा हात माझ्यातून बाहेर आलाच नाही. मुठीत धरलेली प्लास्टिकची पिशवी बराच वेळ चुरचुरत राहिली.

मला ताईनेच शिवलं होतं. तिच्या हातची मी पहिली. वडिलांच्या जाड पॅन्टचं माझं अंग, जुन्या पडद्याचं अस्तर आणि कोटाचं एक मोठं बटण. नवीन म्हणून माझ्यात फक्त दोरा. टाकून द्यायच्या कपड्यांना पुन्हा कामाला लावायचं, हा ताईचा ध्यास. लोक त्याला पर्यावरणपूरक वगैरे म्हणायला लागले ते पुढे. ताई म्हणायची, "चांगलं कापड आहे, फेकवत नाही, एवढंच."

पट्टा शिवायचा राहिला होता तेव्हा धाकटी तिथे बसलेली होती. ती म्हणाली, "पट्टा बारीक ठेव हं ताई. विकतच्यासारखी नाजूक दिसली पाहिजे. नाहीतर पिशवी वाटेल."

"पिशवी नाही, हँडबॅग म्हण," ताई हसून म्हणाली. "पिशवीत घराचं सामान असतं. हँडबॅगेत बाईचं स्वतःचं काहीतरी असतं. तू वापर, आणि कशी वाटते ते मला सांग. त्याप्रमाणे पुढच्या करीन."

धाकटीने मला एकदाच ऑफिसला नेलं. आत रुमाल आणि किल्ल्या, बस्स. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय गं, आज येता येता बाजार करून आलीस वाटतं?" सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, आणि पायाने मला टेबलाखाली सरकवलं. त्या संध्याकाळी मी केरसुणीशेजारच्या खिळ्यावर गेले. ज्या प्लास्टिकला हटवायचं म्हणून माझा जन्म, त्याचंच मी कोठार झाले. याची लाज वाटायची, पण ती सोसण्यासारखी होती. कुणाच्या ना कुणाच्या घरात पिशव्यांची पिशवी व्हावंच लागतं कुणाला तरी.

ताई यायची असली की मात्र माझी धांदल उडायची. धाकटी मला रिकामं करायची, इस्त्री फिरवायची आणि बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या खुंटीला अडकवायची. आत जुनं तिकीट, पेन, अर्धवट संपलेल्या गोळ्यांचं पाकीट. रोजच्या वापरातली दिसावी म्हणून.

ताई आल्या आल्या विचारायची, "कशी आहे गं बॅग? काचत नाही ना?"

"छे! रोज नेते. एकदम छान."

ताईचा चेहरा असा फुलायचा, की मला खुंटीवर टांगल्यासारखं नाही, चव्हाट्यावर उभं केल्यासारखं वाटायचं. खोटं धाकटी बोलत होती, पण त्याचा पुरावा म्हणून मी लटकत होते.

फोन ठेवल्यावर धाकटीने मला जमिनीवर उपडं केलं. पिशव्या सगळ्या फरशीवर पसरल्या. नवऱ्याने विचारलं, "सूटकेस काढू का?"

"नको. हीच नेते."

कपडे, चादर, पाण्याची बाटली. पहिल्यांदाच माझ्यात खरं ओझं आलं. बसमध्ये बसायला जागा नव्हती. धाकटीने उजवा खांदा बदलून डावा केला, डावा बदलून उजवा. माझा पट्टा तिच्या अंगात रुतत होता, आणि मला काही करता येत नव्हतं. शेवटी तिने रुमालाची घडी करून पट्ट्याखाली घातली. ताईच्या गल्लीच्या वळणावर मात्र ती थांबली, आणि तो रुमाल काढून तिने माझ्यातच खोल दडवला.

ताईच्या दारात चपलांची दाटी होती आणि ओट्यावर बॅगांची. शेजारणी, दुकानदारीण, शाळेतल्या बाई, सगळ्या भेटायला आलेल्या. बहुतेकींकडे ताईच्याच हातच्या बॅगा. माझ्याच कुळातल्या, पण हाताळून हाताळून मळलेल्या, मऊ पडलेल्या. आणि प्रत्येकीच्या पट्ट्याला काहीतरी गुंडाळलेलं. कुठे ओढणीची चिंधी, कुठे टॉवेलचा तुकडा. त्या सगळ्यांत वयाने मोठी मी, आणि अंगावर सुरकुती नसलेलीही मीच. मला तोंड लपवायला जागा सापडेना.

धाकटी काही दिवस तिथे राहिली. निघायच्या सकाळी भाची आईच्या मशीनपुढे बसली. दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या बॅगा अर्धवट पडल्या होत्या. अंगं शिवून तयार, पट्टे कापायचे राहिलेले.

"मावशी, एक विचारू? बायका आईच्या मागे लागल्या होत्या, पट्टा रुंद कर म्हणून. आई ऐकायचीच नाही. म्हणायची, 'माझी बहीण रोज ऑफिसला नेते, तिला नाही काचत. तुम्हीच बाई संसार भरता बॅगेत!'" भाची हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "म्हणायची, धाकटी ज्या दिवशी सांगेल त्या दिवशी बदलीन. आता तूच सांग. नर्सबाया दिवसभर उभ्या असतात गं. कसा कापू?"

धाकटीच्या खांद्यावरचा वळ अजून उतरला नव्हता. पदर तिने त्यावर नीट ओढून घेतला. भाचीच्या समोर, मशीनच्या वर, ताईची मापाची टेप तशीच लोंबत होती. मला वाटलं, आता तरी बोल. एक शब्द पुरे आहे.

"मला तर कधी काचला नाही," धाकटी म्हणाली. "आई करायची तसाच ठेव."

भाचीने मान डोलावली आणि कात्री उचलली. जाड कापडातून जाणाऱ्या कात्रीचा आवाज मी जन्मल्यापासून ओळखते. त्या दिवशी तो ऐकवेना.

आम्हा वस्तूंचं बोलणं दूरच्यांना ऐकू येतं, घरच्यांना नाही. म्हणून तुम्हाला सांगते. कुणी हाताने काही करून दिलं आणि ते बोचत असेल, तर बोचतंय म्हणा. करणाऱ्याला वाईट वाटेल घटकाभर. पण तुमच्या 'छान' वर विसंबून तो पुढचं शंभर जणांसाठी तसंच करत राहतो.

आता धाकटी मला खरोखरच रोज ऑफिसला नेते. केरसुणीशेजारचा खिळा रिकामा आहे. चष्म्यावरून बघणाऱ्या बाई परवा म्हणाल्या, "नवी घेतलीस?" ती म्हणाली, "नाही, ताईने केलीय." डबा, बाटली, छत्री, सगळं माझ्यातच असतं. पट्ट्याखाली ती काही घालत नाही. खांदा लाल झाला तर होऊ देते.

रविवारी भाचीचा फोन येतो. नर्सबाईंना रंग आवडले. एकजण म्हणाली, पट्टा काचतो. "मी सांगितलं त्यांना," भाची म्हणते, "माझी मावशी किती वर्षं वापरतेय, विचारा तिला!"

धाकटी "हो गं" म्हणते, जेवणखाण विचारते, फोन ठेवते.

पट्टा काचतो, हे तिने भाचीला अजून सांगितलेलं नाही.