दोन ठोक्यांच्या मध्ये

वज्रभूमी दलावर सरकारने बंदी घातली, त्या दिवशी मी सगळ्यात आधी आमच्या ढोलांवरचं त्यांचं नाव खरवडून काढलं. माझ्या शूरपणाची मजल तेवढीच.

दोन वर्षांपूर्वी नाशिक रोडला ह्या दलाला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. मग त्यांनी आमच्या पथकाला चाळीस नवे ढोल दिले आणि मी, पथकप्रमुख ज्ञानेश, हुरळून गेलो. त्यांच्या प्रत्येक मिरवणुकीपुढे आम्ही. ढोल ऐकायला पोरं यायची, भाषणं ऐकून तिकडचीच व्हायची. बघता बघता पार नामपूरपर्यंत शाखा निघाल्या.

मार्चमध्ये मिरवणूक नाशिकच्याच द्वारका चौकात मुनीरभाई पिंजारींच्या गादीच्या दुकानासमोर थांबली. आमच्या ढोलांच्या खोळी त्यांनीच शिवल्या होत्या. “इथंच वाजवा. जोरात,” दलाचा कुंदन म्हणाला. तो आणि चार-पाच जण दुकानात शिरले, शटर खाली आलं.

दोन ठोक्यांच्या मध्ये किंकाळी आली. मला स्वच्छ ऐकू आली. ताशावाल्या मयूरलाही आली असावी, त्याने माझ्याकडे बघितलं. मी नुसता हात वर केला असता तरी चाळीस ढोल जागच्या जागी थांबले असते. मी नाही केला. उलट आणखी जोरात वाजवायला लागलो.

काल पोलिसांनी जबाबाला बोलावलं. कुंदन म्हणतोय, आम्ही दुकानात गेलोच नाही; आणि मुनीरभाई सोडले तर त्यांना आत जाताना पाहिलं असं सांगणारा कुणी पुढे येत नव्हता. खरं सांगायचं ठरवूनच मी घरून निघालो होतो. मग मलाही आरोपी केलं तरी चालेल, म्हटलं. मुनीरभाई आधीच येऊन बसले होते. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत, सुई धरता येत नाही.

“आत कोण शिरलं, बघितलंस? ओरडणं ऐकलंस?” साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मुनीरभाईच बोलले. “साहेब, ह्याला कशाला त्रास देता? ढोल बांधला की ह्याला दुनिया दिसत नाही. अच्छा लडका है. माझं ओरडणं ऐकू आलं असतं तर ह्यानं वाजवणं थांबवलं असतं.”

“बरोबर?” साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

“बरोबर,” मी म्हणालो आणि सही केली.

लाज वाटते. पण जबाब बदलायला मी अजून गेलेलो नाही.