हौदातली दाटी

इसिक-कुल सरोवराकाठी राहणाऱ्या तुरदुबेकने यंदा ट्राउट माशांची पिल्लं हौदात खच्चून भरली होती. ती काळीभोर दाटी बघून त्याची छाती फुगायची. पण बुरुलचा नावाची त्याची धाकटी बहीण रोज जाळीने मेलेली पिल्लं उपसत होती. उरलेली एकमेकांच्या शेपट्या कुरतडत होती, वाढायचं तर नावच नव्हतं.

"दादा, त्यांना जागा पुरत नाही. निम्मी हलवूया."

"कुठे? माझ्या टोपीत?"

"अनारकुलचा हौद रिकामा आहे."

पाटाच्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून तुरदुबेक या शेजारणीशी बोलत नव्हता. तेवढ्यात आणखी एक पिल्लू उताणं तरंगत वर आलं. तो उठला आणि कुंपणापाशी जाऊन ओरडला, "अनारकुल, निम्मी पिल्लं सांभाळशील? वाढली की त्यांतली अर्धी तुझी!"

"तोंड उघडलं म्हणायचं एकदाचं!" असं म्हणत तिने फाटक उघडलं.

महिन्याभरात दोन्ही हौदांत पिल्लं तरतरीत झाली. खाणं टाकताच पाणी उसळायचं. आणि मासे बघायच्या निमित्ताने तुरदुबेकचा सकाळचा चहा आता शेजारीच होऊ लागला.