गेन्झोने न विकलेली करवत

"मोठी करवत द्या. दुकानातली सगळ्यात मोठी," म्हणत मिसाओ आत शिरली, तेव्हा म्हातारा गेन्झो कानशीने साखळीचे दात घासत बसला होता. त्याने मान वर केली नाही. जपानातल्या ओवासेच्या डोंगरांत झाडं पाडणाऱ्यांना चाळीस वर्षं मशीनच्या करवती देणारा माणूस तो. गिऱ्हाइकाला आधी बोलून मोकळं होऊ द्यायचं, ही त्याची जुनी खोड.

मिसाओ तर रागाने भरूनच आली होती. देवळाच्या नव्या आढ्यासाठी त्यांच्या रानातलं हिनोकीचं, देवळांना लागणाऱ्या सुवासिक लाकडाचं, झाड ठरलं होतं, तिच्या आजेसासऱ्यांनी लावलेलं. झाडात रस चढायच्या आत, म्हणजे फेब्रुवारी सरायच्या आत, ते खाली यायला हवं होतं, आणि तेही कुठे न चिरता. नवरा तोराओ गुडघ्याने घरी बसलेला. झाडं पाडणाऱ्या टोळीचं यंत्र त्या चढावर जात नाही. ती म्हणाली, मी पाडते. तर देवळाच्या बैठकीत एक शहाणा बोललाच, "बाईच्या हातून चिरलं तर? दुसऱ्या घरचं झाड बघू." अकरा वर्षं नवऱ्याचं रान एकटीने विरळ करत आलेल्या बाईला हे ऐकवायचं! लाज कशी वाटत नाही लोकांना?

"बुंधा केवढा?" गेन्झोने विचारलं.

"पन्नास सेंटिमीटर."

"रस्त्यापासून?"

"पाऊण तास चढ. सुटे दगड, त्यावर शेवाळ."

"आणि तुला सगळ्यात मोठी हवी." म्हातारा उठला आणि भिंतीवरची धूड करवत त्याने तिच्या हातात दिली. "कमरेपाशी आडवी धर, मिसाओ-चान. माझा चहा होईपर्यंत."

छप्पन्न वर्षांच्या बाईला लहान पोरीसारखं लाडाने चान म्हणणारा गावात तो एकटाच उरला होता. मिसाओने करवत धरली. अर्धा पेला होईतो मनगटं थरथरायला लागली.

"मुद्दाम हळू पिताय तुम्ही!"

"झाडाला तरी कुठे घाई असते? बघ, टोक खाली आलं. शेवटच्या कापाला असं आलं की झाड चिरलंच."

मग त्याने दुसरी करवत पुढे केली. हलकी, चाळीसच सेंटिमीटरच्या पात्याची. ती बघून मिसाओच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"पातं झाडाहून आखूड! बाई म्हणून हे खेळणं देताय ना, गेन्झो-सान?"

गेन्झोने पेला खाली ठेवला.

"तोराओ तर पुरुष होता ना? अकरा वर्षांपूर्वी इथेच उभा राहून म्हणाला, सगळ्यात मोठी. त्या चढावर ती त्याला झेपायची नाही, मला दिसत होतं गं. पण चार लोक बघत होते, गडी ऐटीत होता, मी म्हटलं, घे बाबा. त्या ओझ्यानेच तो दगडावरून घसरला, गुडघा गेला. मी विकली होती ती."

"ते मला म्हणाले, पडताना झाड फिरलं."

"म्हणेलच." म्हाताऱ्याचे डोळे ओले झाले होते. "पन्नासचं झाड दोन्ही बाजूंनी कापतात. पातं झाडाएवढं लागत नाही. हात शेवटपर्यंत टिकावा लागतो."

मिसाओ हलकी करवत घेऊन घरी आली.

"ह्या खेळण्याने?" तोराओ फिस्सकन हसला. पण झाड पाडायच्या दिवशी सकाळी त्यानेच कागदात गुंडाळलेला सुका ओकोझे मासा तिच्यापुढे धरला. डोंगराची देवी मोठी मत्सरी, तिला बाईमाणूस खपत नाही. आपल्याहून कुरूप कुणी दिसलं की खूश होते, म्हणून हा मासा. "ठेव खिशात."

"तुमचा फोटो नेला तरी चालेल की," मिसाओ म्हणाली आणि मासा खिशात टाकला.

वर गेन्झो सोबत होता, पण लांब दगडावर बसून राहिला. मिसाओने पडायच्या बाजूला खाच घेतली. मग मागून कापत आली, आधी एका बाजूने, मग वळसा घालून दुसऱ्या. मध्ये न कापलेल्या लाकडाची पट्टी राखायची, दाराच्या बिजागरीसारखी. तिच्यावरच झाड वळतं. ती एका अंगाला बारीक झाली की खेळ खलास. शेवटच्या कापाला तिने पात्याच्या टोकाकडे पाहिलं. हललं नव्हतं. पाचरी ठोकल्या, मागे सरली. हिनोकी सावकाश झुकलं आणि नेमलेल्या जागी आडवं झालं. खालून वरपर्यंत अखंड. मिसाओच्या जिवात जीव आला. शेंड्याची हिरवी फांदी तिने रीतीप्रमाणे उरलेल्या बुंध्यावर खोचली आणि हात जोडले.

"चाळीस वर्षांत असं थोडंच पाहिलं," गेन्झो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी!

बिजागरीचा तेवढा तुकडा कापून तिने घरी आणला. तोराओ ओसरीतच बसून होता, सकाळपासून डोंगराकडे कान लावून. त्याने तुकडा मांडीवर घेतला आणि पट्टीची जाडी मापायला तीन बोटं लावली. डाव्या टोकाला तीन बोटं. मध्ये तीन. उजव्या टोकाला तीन. पुन्हा एकदा लावून पाहिली.

"माझी एकही पट्टी अशी सारखी आली नाही," तो म्हणाला. बराच वेळ लाकडाचा वास घेत राहिला. "त्या दिवशी झाड फिरलं नव्हतं गं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"ही करवत घेतली तेव्हापासून."

तोराओने मान खाली घातली. मग कोपऱ्यातला डबा ओढून त्याने आपली जुनी कानस शोधून काढली.

"आण इकडे तुझी करवत," तो म्हणाला. "दात मी घासून देतो."