शेवटचं कोण?

मित्रांनो, माझा एक पाय आखूड आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी पाइनच्या लाकडाचा जुना बाक. माद्रिद शहरातल्या चुएका वस्तीत, गास्पारच्या केशकर्तनालयात भिंतीला टेकून उभा असतो. मला घडवलं गास्पारच्या आजोबांनी. मोजमापात ते जरा कच्चेच होते.

पूर्वी माझ्यावर म्हातारे बसत. मग वस्ती ओस पडली आणि माझ्यावर रिकाम्या पेट्या आल्या. पुढे तरुण मुलं राहायला आली, गॅलऱ्यांत रंगीत झेंडे लागले. कुठे दोन पुरुषांचा संसार, कुठे दोन बायकांचा. दुकान पुन्हा बोलकं झालं. मी फार सुखावलो.

आमच्याकडे रांग लावत नाहीत. आत येणाऱ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" जो शेवटचा असेल त्यानेच उत्तर द्यायचं. त्याच्यामागे आपला नंबर.

एका शनिवारी एउतिमिओ नावाचा खेड्यातला म्हातारा आला. मांडीवर अक्रोडांची पिशवी. नंबर आला की तो म्हणे, "तुम्ही व्हा पुढे," आणि पुन्हा शेवटचा होई. असं चारदा झालं.

नुसत्या गप्पांसाठी येणाऱ्या शेजारीण रेमेदिओसबाईंना राहवेना. "अहो, बसल्याबसल्या आणखी वाढेल की दाढी! आलात कुणाकडे?"

"मुलाकडे. लेआंद्रो. समोरच राहतो म्हणे."

"आमच्या लेआंद्रो-ब्रूनोकडे? मग इथे काय करताय? जिना चढा की!"

म्हातारा खाली बघत म्हणाला, "त्या ब्रूनोबरोबर राहिलास तर माझा उंबरा चढू नकोस, असं मीच बजावलं होतं. अकरा वर्षं झाली. आता कोणत्या तोंडाने चढू?"

बाईंनी स्वतः उठून त्याला पाणी आणून दिलं. असं सहसा होत नाही.

थोड्या वेळाने म्हातारा पिशवी घेऊन उठणार, तेवढ्यात दार उघडलं. काखेत पाव धरून, छत्री मिटत, वर न बघताच लेआंद्रोने सवयीने विचारलं, "शेवटचं कोण?"

गास्पारचा वस्तरा थांबला. उत्तर माहीत सगळ्यांना होतं, पण ते दुसऱ्या कुणी द्यायचं नसतं. म्हाताऱ्याने माझी कड घट्ट धरली.

"मी," तो म्हणाला.

लेआंद्रोने वर पाहिलं. छत्री दाराशी टेकवली. मग म्हणाला, "मग तुमच्यानंतर मी, बाबा." आणि शेजारी येऊन बसला. आखूड पायामुळे माझ्यावर एक हलला की दुसऱ्याला कळतं. त्या दिवशी दोघंही थरथरत होते. मला तर रडूच आलं असतं.

हल्ली गास्पार हात टेकायच्या सुट्या, नव्या खुर्च्या बघतोय. मित्रांनो, तुम्ही त्याला सांगा ना. मला थोडं तेल पाजा, सैल खिळे ठोका, पण एवढ्यात काढू नका. येत्या शनिवारी तिघं येणार आहेत: बाप, लेक आणि ब्रूनो. म्हाताऱ्याने काल येऊन माझ्यावर जागा मोजून पाहिली. दाटीवाटीने का होईना, मावतात.