नेममदनचा पत्ता

"चपला काढून चढलायस न्हवं?" चंदनबालाबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

आर्जव दाराबाहेर स्टुलावर चढून स्क्रूड्रायव्हर फिरवत होता. पाटीचे दोन स्क्रू निघाले होते, उरलेले दोन गंजून बसले होते. 'नेममदन बेदाणा एलएलपी, नोंदणीकृत कार्यालय' ही पाटी अकरा वर्षं त्या दाराच्या वर, भिंतीवर होती. नेमगोंडा आणि मदन, दोघा भावांच्या नावांची मिळून एक कंपनी. नेमगोंडांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या जागी भागीदार म्हणून त्यांच्या बायकोचं, चंदनबालाबाईंचं नाव लागलं, पुढं मदनच्या मुलाचं, आर्जवचंही लागलं, आणि पत्ता होता तिथंच राहिला, सांगलीतल्या ह्या दोन खोल्यांत.

त्या हात पुसत बाहेर आल्या. "अजून माझी सही झाली न्हाई. त्याच्या आधी पाटी उतरवाय लागलास व्हय रं?"

"मोठ्या आई, साताऱ्याच्या ऑफिसवर ही लावून फोटो काढायचाय. फोटो पोर्टलवर टाकावा लागतो. आजच उरकायचंय सगळं."

"उरकंल की. खाली उतर."

पुतण्या उतरला. पायात चपला होत्याच. त्यांनी कोपऱ्यातलं फडकं घेऊन स्टूल पुसलं, दोनदा, आणि मग त्याच्याकडं बघितलं.

आत पलंगावर मदन पाटील, त्यांचे धाकटे दीर, घड्याळ बघत बसले होते. समोर चटईवर स्वानंदी लॅपटॉप उघडून बसली होती. साताऱ्याहून आणलेली ही पोरगी कंपन्यांचे सरकारी कागद करायची. तिच्यासमोर ठेवलेलं लिंबाचं सरबत तिनं अर्धं प्यायलं होतं. मदननं पाण्याच्या तांब्यालाही हात लावला नव्हता.

"ह्या तीन जागी सह्या, काकू," स्वानंदी म्हणाली. "आणि तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगा. झालं."

"वाचून दाखव."

"त्यात काय वाचायचंय, वैनी?" मदन म्हणाले. "पत्ता बदलायचा ठराव हाय. सांगलीचा सातारा. तुमचा तरास वाचला."

"मग वाचाय काय हरकत हाय?"

स्वानंदीनं एकदा मदनकडं बघितलं आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज खाली आला. "श्रीमती चंदनबाला नेमगोंडा पाटील यांनी हलगर्जीपणा करून टपाल न स्वीकारल्यामुळे, सर्व भागीदारांच्या संमतीने…"

"थांब. सर्व म्हंजे मी पण?"

"हो."

"म्हंजे मीच म्हणायचं, मी हलगर्जी."

 बाहेर आर्जव पुन्हा स्क्रूशी झटत होता.

कंपनीचा पत्ता म्हणजे नुसती पाटी नसते. त्या पत्त्यावर सरकारचा कागद आला की तो कंपनीला पोचला, असं धरलं जातं. म्हणून अकरा वर्षं, सकाळी अकराच्या सुमाराला, बिरदेव पोस्टमननं दारात सायकल टेकवून "कंपनीऽ" अशी हाक मारली की चंदनबालाबाई हातातलं काम टाकून बाहेर येत. भाकरी तव्यावर असली तरी गॅस बंद करून येत. चष्मा लावायचा, पेन घ्यायचं, सही करायची, वहीत नोंद करायची, मग मदनला फोन. नेमगोंडा असतानाही हेच होतं. त्यांना कुणी कंपनीतली बाई म्हटलं नाही, पण त्यांच्या हातून एक पाकीट कधी हरवलं नव्हतं.

भादव्यात मात्र, जैनांच्या दशलक्षण पर्वात, सरकारी सुनावणीची एक नोटीस पोस्टातच पडून राहिली आणि सात दिवसांनी परत गेली. सुनावणीला कंपनीकडून कुणी नव्हतं. एकतर्फी निकाल लागला आणि बेदाण्याच्या गोडाऊनला ऐन दिवाळीच्या तोंडावर एकवीस दिवस सील लागलं. तेव्हापासून भावकीत, बाजारात, देवळाच्या पायरीवर एकच गोष्ट फिरत होती, वैनींनी पत्रच घेतलं न्हाई.

"अपिलात कायतरी कारण द्याय लागतंय," मदन म्हणाले. "वकील म्हणला, ठरावातच असू दे. बाईमाणसाची चूक म्हणल्यावर साहेब बी ऐकून घेतोय."

"आनि ते कागदावर ऱ्हाणार. माझ्या मागं बी."

"कोण बघतंय ते?"

"कुणीबी. पोर्टलवर टाकताय न्हवं?"

मदनचा आवाज चढला. "आवं, मग खोटं हाय का त्यात? दशलक्षणाचं दहा दिस तुमचं व्रत. घर आनि देऊळ, त्याच्या पलीकडं पाऊल टाकायचं न्हाई, मोबाइल कपाटात. पोस्ट देवळाच्या पुढं दोन गल्ल्या. गेला असता तर पाय मोडला असता का? तुमच्या पुण्यापायी माझ्या गोडाऊनला कुलूप लागलं."

"तुमच्या?"

"कंपनीच्या."

चंदनबालाबाई उठल्या. कपाटातून लांब, कापडी पाठीची वही काढली आणि दाराकडं वळल्या. "आर्जव, हात पूस आनि हिकडं ये. भादव्याचं पान काढ. मोठ्यानं वाच."

आर्जवला शाळेत असताना ह्याच खोलीत त्यांनी पाढे म्हणायला लावले होते. तो आला, पान काढलं, आणि वाचताना त्याच सुरात वाचून गेला.

"दशलक्षण, तिसरा दिवस. सकाळी पूजेला गेले असता टपाल आले. दाराच्या फटीतून टाकलेली चिठ्ठी सुलाबाईने देवळात आणून दिली, रजिस्टर पत्र पोस्टातून घेऊन जाणे. व्रत असल्याने ती तिच्याच हाती पुरुषांच्या बाजूला भावजींकडे पाठविली." तो थांबला.

"वाच पुढं."

"भावजींनी घेतली."

"वहीत काय बी लिवता येतंय," मदन म्हणाले. "आनि ती सुलाबाई तुमच्याकडं भांडी घासती. तिची साक्ष कोण धरतंय?"

"साक्ष कशाला? मी बायकांच्या रांगेत म्होरं हुते." चंदनबालाबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडं सरळ बघितलं. "भावजी, एक सांगा. पूजेच्या धोतराला खिसा असतो का?"

पंखा फिरत होता. लॅपटॉप आपोआप काळा झाला, तरी स्वानंदीनं बोट लावलं नाही.

मदननं गुडघ्यावरचा नसलेला धुरळा झटकला. त्या दिवशी ते केशरी धोतर-दुपट्ट्यात उभे होते. पहिल्या अभिषेकाचा मान बोली लावून मिळतो, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तो त्यांना मिळाला होता. चिठ्ठी त्यांनी कमरेला खोचली होती, आणि मग कलशावर कलश झाले, चिठ्ठी भिजली आणि ध्यानातून गेली.

"पैली बोली माझी हुती, वैनी," ते म्हणाले. "लोक उभं हुतं मागं."

"हुतं की. मला बी आनंद झाला हुता."

"मग तीन महिनं का गप बसला?" हे आर्जवनं विचारलं. त्याची नजर बापावर होती.

"पर्व सरल्यावर क्षमावणीला, क्षमा मागायच्या दिवशी, भावजींचा मेसेज आला. हात जोडलेला, उत्तम क्षमा. म्हटलं, तोंडानं बी सांगतील आज न उद्या." त्यांनी वही मिटली. "ती ओळ काढा. मग काय त्या सह्या घ्या."

"न्हाई काढली तर?" मदन म्हणाले.

"तर पाटी परत लावा. स्टूल पुसलेलंच हाय."

स्वानंदी खालच्या मानेनं म्हणाली, "सर, कारण लिहायची तशी गरजच नसते. मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं."

"तू गप." मग घड्याळाकडं बघून, "काढ."

प्रिंटर नव्हता. स्वानंदीनं पट्टी धरून ती ओळ पेनानं खोडली आणि कागद फिरवला. खोडलेल्या जागेशेजारी सगळ्या भागीदारांची छोटी सही लागते. चंदनबालाबाईंनी केली. आर्जवनं केली. मदनच्या हातात पेन बराच वेळ राहिलं. शेवटी त्यांनी केली ती इतकी दाबून, की कागदाला पाठीमागं ओरखडा उमटला.

ओटीपी आला. चंदनबालाबाईंनी एकेक आकडा सावकाश सांगितला.

जाताना मदन उंबऱ्यावर थांबले. "ह्या दारात आता माझं काय काम ऱ्हायलं न्हाई, वैनी."

"न्हाईच ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "दुपारच्या आत पोचा. पुढं हायवेला ट्रक असत्यात."

शेवटचा स्क्रू निघालाच नाही. आर्जवनं पाटी हिसडून काढली, कोपरा तुटून भिंतीवरच राहिला. गाडीत पाटी मागच्या सीटवर उभी ठेवली होती. नेमगोंडांचं अर्धं नाव काचेतून दिसत होतं, गाडी वळेपर्यंत.

दुसऱ्या आठवड्यात, अकराच्या सुमाराला, चंदनबालाबाई भाकरी थापत होत्या.

"कंपनीऽ"

त्यांनी गॅस बंद केला. चष्मा, पेन. बिरदेव दारात उभा होता आणि भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडं बघत होता. त्याच्या हातात लांब, खाकी पाकीट होतं.

"घेत न्हाई मी. पत्ता बदलला, साताऱ्याला गेला. तसं लिव त्याच्यावर."

"आवं, मग आदुगर सांगायचं न्हाई व्हय? मी आपला हाक मारतोय." त्यानं पाकीट सायकलच्या सीटवर ठेवलं, खिशातलं पेन झटकलं, पुन्हा झटकलं. उमटेना. चंदनबालाबाईंनी आपल्या पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्याला दिलं. 'पत्ता बदलला', त्यानं लिहिलं. त्यांनी वाकून वाचलं आणि मान हलवली.

"सुलाबाईच्या गल्लीतली मनिऑर्डर हाय, उशीर झालाय," म्हणत त्यानं पाकीट पिशवीत घातलं, पेन खिशाला लावलं आणि सायकलवर टांग टाकली.

तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. टोपण हातातच राहिलं होतं.